बस की, उभारलीयास का?

सकाळी साडेनऊला खुर्चीत बूड टेकवायचं आणि रात्री आठला उचलायचं. मध्ये एक लंच, दोन वॉशरूम ब्रेक आणि बॉसनं बोलावलंच तर त्याच्या केबिनपर्यंत चौदा पावलं. (मोजलीयेत मी.) तुमचाही दिवस साधारण असाच जात असणार. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा वाटलं, चला, सुटले! झालं काय, तर ती चौदा पावलंही गेली. बेड ते लॅपटॉप हे अंतर जेमतेम चार पावलांचं.

मग व्हायचं तेच झालं. आधी मान, मग खांदा आणि एक दिवस कंबरेनं सरळ संपच पुकारला. डॉक्टरनं एक्स-रे दिव्यावर धरून पाहिला आणि म्हणाला, "काहीही झालेलं नाही. फक्त उठत जा." पाचशे रुपये फी. पुढची गंमत ऐका. त्याच आठवड्यात एका क्लायंटकडून काम आलं. कंपनीतल्या लोकांनी दिवसभर बसून राहू नये म्हणून पोस्टर्स आणि मेल्स लिहून द्यायचे. 'उठा, ताणा, चाला' टाइप. डेडलाइन दुसऱ्या दिवशीची. मी ती पोस्टर्स लिहिली. सलग नऊ तास. बसून.

आई म्हणाली, "चार दिवस मामाकडं जाऊन ये." मामा म्हणजे कुपवाड. लगेच महालक्ष्मीचं तिकीट काढलं आणि पहाटे पहाटे सांगली स्टेशनवर उतरले.

सांगली म्हटलं की गणपती, हळद, भडंग, नाटक. मिरज म्हटलं की दवाखाने, दर्गा, सतार आणि जंक्शन. आणि कुपवाड म्हटलं की... एमआयडीसी. बस्स. 1998 मध्ये तिन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली, सांगली-मिरज-कुपवाड. नावात कुपवाड शेवटी येतं आणि बोलताना लोक अर्ध्या वेळा ते खाऊनच टाकतात. ट्रॅव्हल वेबसाइटवर 'कुपवाडमध्ये पाहण्यासारखं' शोधलंत तर ती तुम्हाला निमूटपणे सांगलीच्या गणपतीला नेऊन सोडेल. मीही लहानपणापासून मे महिन्यात इथं येतेय, पण 'पाहिलं' असं काही नव्हतं. मामाचं घर, मामीच्या हातची खरवस आणि दुपारभर पत्ते, एवढंच.

यावेळी पाहिलं. कारण मामाच्या स्कूटरवरून सातच्या सुमाराला एमआयडीसीच्या रस्त्यानं आलो आणि फर्स्ट शिफ्ट आत जात होती. टू-व्हीलरच्या हँडलला अडकवलेले डबे, मागे कॅरिअरला रेनकोट, गेटवर सह्या. टपऱ्यांवर चहा. आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं, या अख्ख्या रस्त्यावर बसलेलं कुणीच नाही. चहा पिणारे उभे, पोहे खाणारे उभे, पेपर वाचणारे उभे. आणि आत जाऊन पुढचे आठ तास ते काय करणार होते? उभेच राहणार होते.

घरी पोचले. सहा तास बर्थवर आखडून काढल्यानं कंबर बोलत होती, म्हणून मी पडवीतच जरा पाय मोकळे करत होते. मामा आतून ओरडला, "बस की गं, उभारलीयास का?"

सांगली-कोल्हापूरकडं माणसं उभी राहत नाहीत, 'उभारतात'. पुण्या-मुंबईत गुढी उभारतात, स्मारक उभारतात, भांडवल उभारतात. इकडं रांगेत उभारतात, दारात उभारतात, मशीनवर उभारतात. आणि पाहुणा उभारलेला दिसला की घरातल्या माणसाचा जीव कासावीस होतो. चार दिवसांत हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. स्टँडिंग डेस्कवाल्यांनी कुपवाडमध्ये दुकान टाकायचं धाडस करू नये, हा माझा फुकटचा बिझनेस सल्ला.

मामानं चौतीस वर्षं लेथ चालवला. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आता दिवसातला बराच वेळ तो पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत असतो, समोर दुसरी खुर्ची, त्यावर पाय. पायांत उन्हाळ्यातसुद्धा गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे. व्हेरिकोज व्हेन्स. मोजे काढले की पिंडरीवर निळ्या-जांभळ्या शिरांचा गुंताच दिसतो. पायांतलं रक्त वर ढकलायचं काम पिंडरीचे स्नायू करतात, तेही पाय हलला तरच. माणूस एका जागी तासन्‌तास उभा राहिला की रक्त खालीच साचत जातं, शिरा फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात. मामाला हे सगळं डॉक्टरनं चित्र काढून समजावलंय. मामाचा त्यावरचा शेरा : "पंपाचा व्हॉल्व्ह गेला की हुतंय तसं."

"मग बसत का नव्हता मधेमधे?" मी विचारलं. शहरी प्रश्न.

मामा हसला. सुरुवातीच्या दिवसांत त्यानं एक लाकडी स्टूल मशीनमागं ठेवलं होतं. लांब कट लावला की चार-पाच मिनिटं नुसतं लक्ष ठेवायचं असतं, तेवढ्यात टेकायला. दोन आठवड्यांत स्टूल गायब. सुपरवायझरचं म्हणणं, बसलेला ऑपरेटर साहेबांना दिसला तर बरं दिसत नाही. काम थांबत नव्हतं हो, फक्त 'बरं दिसत नव्हतं'. (कारखान्याचं नाव मामानं घेऊ दिलं नाही, मीही घेत नाही.) मग मामानं एक वीट आणली. लेथसमोर ठेवली आणि त्यावर एक पाय. थोड्या वेळानं दुसरा. विटेला कुणी हरकत घेतली नाही.

"इठोबा बी विटंवरच उभारलाय की," मामा म्हणाला. "त्यो दोन्ही पाय ठेवतोय, मी एकेक. अठ्ठावीस युगं त्याची, चौतीस वर्षं माझी."

विनोद वाटला ना? पण उभ्यानं काम करणाऱ्यानं एक पाय आळीपाळीनं थोडा उंचावर ठेवावा, कंबरेवरचा ताण हलका होतो, हे अर्गोनॉमिक्सवाले आज स्लाइड दाखवून सांगतात. मामाला ते एका विटेत सापडलं होतं.

आणि मला खरा धक्का पुढे बसला. रात्री मोबाइलवर शोधत होते तेव्हा समजलं की मामाचं स्टूल कायद्यातच होतं. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या 44 व्या कलमात लिहिलं होतं की ज्या कामगारांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांना, कामात जेव्हा संधी मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून, बसायची योग्य सोय करायला हवी. एवढंच नाही. एखादं काम बसूनही नीट होण्यासारखं आहे असं मुख्य निरीक्षकाला वाटलं तर तो मालकाला तशा जागा द्यायला लावू शकत होता. म्हणजे स्टूल उचललं गेलं तेव्हा हे कलम काही दशकं जुनं झालेलं होतं! मी मामाला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग काहीच बोलला नाही, टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

दुकानांत काम करणाऱ्यांसाठी तर एवढंही नव्हतं. कोळिकोडच्या साडीच्या दुकानांतल्या सेल्सवुमन दिवसभर उभ्या असायच्या, गिऱ्हाईक नसलं तरी. त्यांच्या बाजूनं विजी नावाच्या बाई आणि त्यांची पेनकूट्टू ही संघटना कित्येक वर्षं भांडली, तेव्हा कुठं 2018 मध्ये केरळनं कायदा बदलून बसायचा हक्क दिला. तमिळनाडूनं 2021 मध्ये. हक्क, बसायचा! आणि आपल्याला मोबाइलचं घड्याळ तासातासाला टुणकन वाजून सांगतं, उठा.

आता माझ्या मामेभावाकडं येऊ. त्याला मी दादाच म्हणते. हिंजवडीत आयटीत आहे, महिन्यातला एखादा आठवडा घरून काम करायला कुपवाडला येतो. वरच्या खोलीत त्याची एक जंगी खुर्ची आहे. मानेला टेकू, कंबरेला टेकू, हात वर-खाली, सगळं काही. किंमत ऐकून मी खाली बसले, जमिनीवर. तर ही खुर्ची मामा रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो. मामी म्हणाली, गेल्या खंडेनवमीला त्यानं खुर्चीला हळदकुंकू वाहून झेंडूचा हारही घातला. कारखान्यात असताना लेथला घालायचा तसा.

आणि त्या खुर्चीत बसणाऱ्या दादाच्या मणक्यातली गादी गेल्या वर्षी सरकलीये. पस्तिसाव्या वर्षी. आठ-दहा तास खुर्ची, त्यात रात्री साडेआठला क्लायंट कॉल. त्याला आता नोकरी सोडायचीये. एका मित्राबरोबर एमआयडीसीत शेड भाड्यानं घ्यायची, दोन सेकंडहँड सीएनसी टाकायच्या आणि जॉबवर्क करायचं. एक्सेल शीट तयार आहे. घरात मात्र मामानं तीन महिने या विषयाला दार लावलंय. मी होते त्या रात्री जेवताना ते उघडलं.

"तुला बसायला मिळावं म्हणून उभारलो मी," मामा ताटाकडं बघत म्हणाला. "आता तू परत तिथंच जाऊन उभारणार?"

दादा म्हणाला, "बाबा, बसून बघितलं की. दहा वर्षं."

कुणीच पुढं बोललं नाही. मामीनं दोघांना न विचारता भात वाढला.

दुसऱ्या दिवशी दादाच्या त्या मित्राच्या सध्याच्या वर्कशॉपवर गेलो. छोटं आहे. चार मशीन, सात माणसं, कूलंटचा तो विशिष्ट आंबूस वास आणि मशीनखाली चकचकीत बर. मालक आमच्याच वयाचा. मी माझं पोस्टरज्ञान पाजळायला गेले होते आणि तिथं त्यानं आधीच काय काय केलं होतं! मशीनसमोर जाड रबरी मॅट. दोन मशीनच्या मध्ये एक उंच स्टूल, धड बसायचं नाही, धड उभंही नाही, नुसतं टेकायचं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इन्स्पेक्शनचं टेबल. तयार जॉब व्हर्निअरनं, गेजनं मोजायचं काम बसून होतं. ते काम तो एकाच माणसाला देत नाही. दर दोन तासांनी बदली. मशीनवरचा टेबलावर, टेबलावरचा मशीनवर. आरोग्य वगैरे विचार करून नाही हं. "दिवसभर मोजणारा माणूस चारनंतर चुकतो," तो म्हणाला. "रिजेक्शन माझ्या डोक्यावर."

मी हट्टानं मशीनसमोर उभी राहिले. काही करत नव्हते, नुसती दार उघडताना-मिटताना बघत होते. पहिला अर्धा तास मस्त, एकदम अ‍ॅक्टिव्ह वगैरे. एका तासानं टाचा. दीड तासानं मी त्या स्टुलावर होते आणि ऑपरेटर मंडळी फिदीफिदी हसत होती.

मग सांगा, बसायचं की उभारायचं?

याचं उत्तर शोधायला लोकांनी बसच्या तिकिटांपासून सुरुवात केलीये. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, ती 1953 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. एकच बस, एकच शिफ्ट, जवळपास सारखीच वस्ती. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसाला काहीशे पायऱ्या चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा. 'बसू नका' या सगळ्या चळवळीचं मूळ हे. पण नीट बघा, कंडक्टर नुसता उभा नव्हता. चालत होता, चढत होता. आपली एसटी आठवा, 'पुढं सरका, पुढं सरका' करत सीटांच्या गर्दीतून घुसणारा कंडक्टर.

मधल्या पन्नास-साठ वर्षांत ही गोष्ट कुठंतरी चेपून 'उभं राहणं चांगलं' एवढीच उरली आणि स्टँडिंग डेस्क विकले जायला लागले. 2024 मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 83 हजारांवर लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांची माहिती तपासली. जास्त वेळ उभं राहिल्यानं हृदयविकाराचा धोका काही कमी झाला नाही. उलट दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त उभं राहणाऱ्यांत व्हेरिकोज व्हेन्ससारखे रक्ताभिसरणाचे त्रास वाढलेले दिसले. कुपवाडच्या पडवीत खुर्चीवर पाय टाकून बसलेल्या माणसाला हे कुठल्याच विद्यापीठानं सांगायची गरज नाही.

थोडा दिलासाही आहे. 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दहा लाखांवर लोकांच्या माहितीचा अभ्यास आला होता. रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांनी रोज 60 ते 75 मिनिटं झपाझप चालण्यासारखा व्यायाम केला, तर बसण्यामुळे वाढलेला अकाली मृत्यूचा धोका जवळपास पुसला जातो. पण रोज सव्वा तास! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसानं तो कुठून आणायचा, हे त्या अभ्यासात नाही. सरकारनंही आपल्या परीनं प्रयत्न केलाय. आयुष मंत्रालयाचं 'वाय-ब्रेक' अ‍ॅप 2021 मध्ये आलं, कामाच्या जागीच पाच मिनिटांचा योग. दादानं डाउनलोड केलं होतं. आता फोनमधल्या कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते त्याला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी मी मिरजेला गेले, दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीत. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग मिळालाय, त्यावर एक स्टोरी करायचं डोक्यात होतं. पण एकदा पाठ दुखायला लागली की माणूस जगात फक्त पाठी बघतो. पंढरपूरकडून येणारे मोठाले भोपळे मांडीशी धरून कारागीर जमिनीवर बसलेले. हेही दिवसभराचं बैठं कामच की! पण मी अर्धा तास नुसतं निरीक्षण केलं. मांडी घातलेला माणूस पाच-सात मिनिटांत एक पाय लांब करतो. मग एक गुडघा उभा. मग उकिडवा. पॉलिश आणायला उठतो, तेही हात न टेकता. दांडी भोपळ्याला लावून बघताना तर अर्धा उभाच असतो. म्हटलं तर बसलेला, म्हटलं तर सारखा हलता.

टांझानियातले हाडझा नावाचे शिकारी लोक दिवसातले जवळजवळ दहा तास बसूनच असतात, असं 2020 मध्ये एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आपल्याइतकेच! तरी त्यांना आपले आजार नाहीत. त्यांच्याकडं खुर्ची नाही. ते उकिडवे बसतात, गुडघ्यांवर बसतात आणि तेव्हा पायांचे स्नायू थोडं थोडं काम करत राहतात. बाकी त्यांचं चालणंही आपल्यापेक्षा कैकपट, ते सोडू नका. माझी आजी विळीवर बसून भाजी चिरायची, पाटावर जेवायची आणि ऐंशीव्या वर्षी हात न टेकता उठायची. आम्ही तिला डायनिंग टेबल घेऊन दिलं. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा आम्हाला!

गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांना मी विचारलं, पाठ दुखत नाही का? ते म्हणाले, "दुखती की. त्याला काय." रोमँटिक व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात जमिनीवर आले.

शेवटच्या संध्याकाळी मामा चालायला निघाला. डॉक्टरनं सांगितलंय, रोज अर्धा तास. दादाला म्हणाला, "चल. शेड कुठली म्हणतोयस, दाव." तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी अर्थातच मागोमाग. सेकंड शिफ्ट चालू होती, कुठूनतरी हॅमरचा ठोका येत होता. शेड बंद, कुलूप लावलेली. मामानं खिडकीच्या फुटक्या काचेतून आत पाहिलं. फ्लोअर कसलं आहे विचारलं. थ्री फेजचं विचारलं. पावसाचं पाणी कुठून येतं तेही. दादा फोनवरच्या एक्सेल शीटमधून उत्तरं देत होता.

मग मामा म्हणाला, "पोरांना बसायला काय ठेवणार?"

दादानं शीट वर-खाली केली. त्यात मशीन होतं, टूलिंग होतं, डिपॉझिट होतं, जीएसटी होता. बसायचं काही नव्हतं. "ते... बघू की," तो म्हणाला.

"आधी ते लिही," मामा म्हणाला आणि घराकडं वळला. यात होकार होता की नकार, हे अजून आमच्यापैकी कुणालाच कळलेलं नाही. दादानं मात्र रस्त्यातच उभं राहून शीटमध्ये एक ओळ वाढवली.

परतीला सकाळची कोयना पकडली. विंडो सीट होती, पण सांगली सोडल्यावर मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. ऊस, मध्येच द्राक्षबागा, मग भिलवडी. किर्लोस्करवाडी आलं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळावर वसवलेलं, तेव्हा कंबरेनं आठवण करून दिली, म्हणून बोगीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. चहावाल्याला वाटलं माझं काहीतरी हरवलंय.

ताकारीला मामाचा फोन.

"मिळाली का गं बसायला जागा?"

"मिळाली, मामा."

"मग बस निवांत. उभारू नकोस."

"हो," म्हटलं आणि दाराची दांडी दुसऱ्या हातात घेतली.